मागे दोरीवर बनियन दिसते

आमच्या गुलाबांच्या ग्रुपमध्ये कौतुकाचा नुसता सुकाळ होता. याहूवर हा ग्रुप मीच काढला, २००३ साली, बँकेतून घरी आल्यावर करमणूक म्हणून. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे, तेव्हा इथल्या गच्च्यांवर आणि अंगणांत गुलाबवेडी माणसं असणारच, असा माझा अंदाज होता आणि तो चुकला नाही. बघता बघता शे-दीडशे जण जमले. कोणी फुलाचा फोटो टाकला की तो ईमेलने सगळ्यांना जायचा, आणि मग ‘सुपर्ब’, ‘वा’, ‘हॅट्स ऑफ’ अशी उत्तरं येऊन पडायची. फूल कसं आहे याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसायचा. तू माझ्या फुलाला सुपर्ब म्हण, मी तुझ्या फुलाला म्हणते; लग्नातल्या आहेरासारखा तो व्यवहार होता.

या गोडधोडात एकच मिरची होती. निफाडच्या वत्सलाबाई बोरस्ते.

उगाव रस्त्याला त्यांची द्राक्षबाग. माल परदेशी जायचा, त्याच्या कागदपत्रांसाठी मुलाने घरात कॉम्प्युटर घेतला होता, आणि दुपारी तो मोकळा सापडला की बाई त्याच्यापुढे बसायच्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या, तेही एका वेळी एकच वाक्य. डॉक्टर अहिररावांनी बशीएवढा पिवळा गुलाब दाखवला. सगळीकडून आतषबाजी चालू असताना वत्सलाबाईंनी लिहिलं, ‘कुंडीला तडा गेला आहे.’ वकील पिंगळ्यांच्या मिसेसनी गेटवर चढवलेला लाल वेल टाकला. नुसता लालेलाल झाला होता. वत्सलाबाई म्हणाल्या, ‘मागच्या भिंतीचा रंग उडाला आहे.’ पिंगळेबाई हट्टाला पेटल्या. त्यांनी भिंत रंगवून घेतली आणि नवा फोटो टाकला. उत्तर आलं, ‘गेटला गंज धरला आहे.’

ग्रुपमध्ये त्यांचं नाव खडूस पडलं. मी मात्र त्यांची बाजू घ्यायचे, कारण माझ्या फुलांबद्दल त्यांनी कधी वावगं लिहिलं नाही. माझा फोटो गेला की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, ‘छान आहे. असेच चालू द्या.’ डॉक्टरांच्या बशीएवढ्या गुलाबाला जे मिळत नाही ते माझ्या गच्चीवरच्या गुलाबांना मिळतं, म्हणून माझी मान जरा ताठच असायची. बाई फटकळ आहे पण पारख आहे हो, असं मी येईल त्याला ऐकवायचे.

ग्रुपमधला सगळ्यात मोजकं बोलणारा माणूस म्हणजे गोरक्ष धनवटे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर इंजिनिअर होते. ते लोडशेडिंगचे दिवस होते. चार-चार तास वीज जायची आणि आली की लोक पहिली मेल धनवट्यांना टाकायचे, काय साहेब, आज झोप लागली का. ते कधी चिडले नाहीत. ‘कोळसा ओला होता,’ एवढंच लिहायचे. स्वतःच्या फुलाचा फोटो त्यांनी कधी टाकला नव्हता. करतोय काहीतरी, झालं की दाखवतो, असं म्हणायचे.

ते काय करत होते ते आम्हाला एका जानेवारीत कळलं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात सहा-सात वर्षं हा माणूस स्वतःचा गुलाब तयार करत होता. गावठी गुलकंदाच्या गुलाबाचे पराग परदेशी जातीच्या फुलावर घालायचे, बी धरायचं, पेरायचं, रोप फुलायची वाट पाहायची आणि मनाजोगतं फूल आलं नाही की उपटून फेकायचं. शिफ्ट सांभाळून हे चालायचं. अशी कित्येक रोपं फेकल्यावर एक झाड राहिलं. त्याचा फोटो त्यांनी टाकला. मसाला दुधाचा रंग, पाकळ्यांच्या कडांना गुलाबीची बारीक रेघ, आणि वास गावठी गुलाबाचा, असं खाली लिहिलं होतं. मी स्क्रीनपुढे बसल्या जागी ‘अगं बाई’ म्हणाले.

त्याच मेलमध्ये आणखी एक गोष्ट होती. धनवटे डिसेंबरात रिटायर झाले होते आणि महिनाअखेरीला क्वार्टर सोडायचं होतं. पुढचा मुक्काम पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. झाड जमिनीत खोल रुजलेलं, उपटून नेलं तर जगायची खात्री नाही. म्हणून त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. रविवारी या, कलम बांधायला आपापले रानगुलाबाचे खुंट घेऊन या, प्रत्येकाला काडी देतो, कलम करा. माझं झाड इथे राहणार नाही, तुमच्या दारात राहू दे, असं त्यांनी लिहिलं होतं. असं मन कितीजणांचं असतं? सात वर्षांची मेहनत आणि वाटायला निघाले होते प्रसादासारखी.

‘सुपर्ब’चा पूर आला. अमेरिकेतून आला, दुबईतून आला. दुपारी वत्सलाबाईंची एक ओळ आली. ‘मागे दोरीवर बनियन वाळत घातलेले दिसते.’

मी फोटो पुन्हा उघडला. होतं खरं. कोपऱ्यात, फुलाच्या बरंच मागे, पांढरं बनियन लोंबत होतं.

धनवट्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. इतकं लांब लिहिलेलं मी त्यांचं कधीच वाचलं नव्हतं. माझ्या घरच्या कपड्यांची पाहणी करायला मी फोटो पाठवला नव्हता, असं त्यांनी लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या कामात एखाद्याला फक्त बनियन दिसत असेल तर त्या कामाची किंमत मला कळली. रविवारचं बोलावणं रद्द. कोणीही येऊ नये. झाड क्वार्टरमध्येच राहील, नवा येणारा ठेवील नाहीतर तोडून टाकील. खाली ग्रुप सोडत असल्याचं एक वाक्य आणि सही.

मग जो धुरळा उडाला तो विचारू नका. ज्याला ज्याला कुंडीवरून, भिंतीवरून, बादलीवरून बोलणी बसली होती तो तो उठला. पिंगळेबाईंनी लिहिलं की या बाईला ताबडतोब काढा, नाहीतर आम्ही निघालो. वत्सलाबाईंचा मात्र आवाज नाही. मी धनवट्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘मॅडम, विषय संपला’ म्हणाले आणि फोन ठेवला. डॉक्टर अहिरराव प्रत्यक्ष एकलहऱ्याला जाऊन आले. त्यांना चहा मिळाला, काडी मिळाली नाही.

मला सगळ्यांचाच राग आला होता, पण वत्सलाबाईंचा जास्त. पारख असलेली बाई अशी वागते? शनिवारी अर्धा दिवस बँक होती. सुटल्यावर घरी न जाता माझी मारुती काढली आणि थेट निफाडची वाट धरली. ग्रुपमधून काढायचं तर तोंडावर सांगून काढू, असं ठरवलं होतं. वाटेत दोन-चार टोचणारी वाक्यंही तयार करून ठेवली.

वत्सलाबाई मला पाहून इतक्या खूश झाल्या की माझी वाक्यं घशातच राहिली. पन्नाशीच्या, उंच, नऊवारीवर मुलाचा जुना स्वेटर घातलेला. निफाडची थंडी होती ती. द्राक्षं तोडायला आली होती, अंगणात मजुरांची आणि क्रेटची दाटी. ‘कॉम्प्युटर पाहायला कुठं होतंय ताई,’ त्या म्हणाल्या. ‘चार दिस झाले, दिवसा लाइटच नाय.’ म्हणजे गावभर झालेला गोंधळ हिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कसं सांगावं याचा विचार करत मी त्यांच्यामागून पाण्याच्या टाकीपाशी गेले, कारण त्यांना मला त्यांचं गुलाबाचं झाड दाखवायचं होतं.

त्या झाडावर एकच फूल होतं. काळपट लाल, मखमलीसारखं, पूर्ण उमललेलं. मी आले कशासाठी ते विसरले आणि म्हणाले, अहो वत्सलाबाई, काय फूल आहे हे, असलं देखणं फूल मी अख्ख्या नाशकात पाहिलं नाही.

बाईंचा चेहरा उतरला. त्या पटकन खाली वाकल्या, टाकीजवळचा ओला चिखल बोटावर घेतला आणि त्या मखमली पाकळीवर एक ठिपका ओढला. मी ओरडणारच होते. एवढं फूल, आणि त्याला चिखल फासला?

‘तीट लावली,’ त्या साधेपणानं म्हणाल्या. ‘तुम्ही एवढं तोंड भरून बोललात. मग नको का लावायला?’

मी त्या चिखलाच्या ठिपक्याकडे पाहत उभी राहिले. कुंडीचा तडा. भिंतीचा रंग. गेटचा गंज. दोरीवरचं बनियन. दोन वर्षांत या बाईने एकाही फुलाला, एकाही पाकळीला, एकाही पानाला नाव ठेवलं नव्हतं. बोट ठेवलं ते नेहमी आजूबाजूच्या फालतू गोष्टीवर, आणि तेही फक्त फूल डोळ्यांत भरण्यासारखं असलं तरच. घरातून लेकरू बाहेर काढताना त्याच्या गालाला काजळ लावायचं, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पिंगळेबाईंच्या तर गाडीलासुद्धा लिंबू-मिरची टांगलेली असते. पण कॉम्प्युटर आला की आपण घरचं सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवतो. आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नाही.

मी विचारलं, म्हणजे तुम्ही जे लिहिता ते सगळं असंच?

‘मग काय,’ त्या म्हणाल्या. ‘घरी चार माणसं पाहतात तिथं आपण तीट लावतो. तिथं शंभर माणसं पाहणार, पार अमेरिकेतून पाहणार, आन सगळे नुसते सुपर्ब सुपर्ब. कुणी तरी काही वाईट म्हणाया पायजे का नाय?’

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. दोन वर्षं ही बाई एकटी आमच्या फुलांची राखण करत होती. आम्ही तिला खडूस म्हणत होतो आणि ती आमचं काम आम्हाला न सांगता करत होती, त्याचे आभारसुद्धा तिला नको होते. एवढ्यात माझ्या डोक्यात भलतीच वीज चमकली. मग माझ्या फुलांना तुम्ही छान का म्हणता, असं मी विचारून बसले.

बाईंनी पदर सारखा केला. ‘तुमच्या झाडांना अजून जोर धरायचाय ताई,’ त्या मायेनं म्हणाल्या. ‘त्यांना चार चांगले शब्द लागतात.’ आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा पिता पिता मी त्यांना धनवट्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. ग्रुपमध्ये कोण काय बोललं, काढून टाका कोण म्हणालं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं की क्वार्टर कधी सोडणार. मी म्हटलं, सामान बांधलंय, सोमवारी किल्ली देणार. त्या उठल्याच. ‘माणसाचा राग मागून काढू,’ म्हणाल्या. ‘आधी झाड राह्यलं पायजे.’ टाकीमागे रानगुलाबाचे खुंट पिशव्यांत लावलेले होते. ते त्यांनी माझ्या मारुतीच्या मागच्या सीटवर एकेक करून ठेवले, मजुरांना कामं सांगितली आणि स्वेटरसकट गाडीत येऊन बसल्या. तोडणी ऐन भरात असताना मालकीण बाग सोडून दुसऱ्याच्या झाडासाठी निघते, हे द्राक्षवाल्यांच्या घरात किती मोठं आहे ते निफाडकडच्या माणसालाच विचारा.

चांदोरी मागे पडली आणि एकलहऱ्याच्या चिमण्या दिसायला लागल्या. मी वाटेत त्यांना पढवत होते. बाई, तिथे गेल्यावर दोन शब्द चांगले बोला. फूल सुंदर आहे म्हणा. त्यांना तेवढंच ऐकायचं आहे. त्या ‘हां’ म्हणाल्या, पण कशाबशा.

धनवट्यांनी दार उघडलं. आत खोकी रचून ठेवलेली. मी ओळख करून दिली तसा त्यांचा चेहरा आवळला, पण दारात आलेल्या बाईमाणसाला परतवून लावणारा माणूस नव्हता तो. ‘या,’ म्हणाले. मग हळूच, ‘बनियन काढून ठेवलंय.’

मी घाईघाईने तिटेचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं आणि थोडे हसले.

‘मॅडम, तीस वर्षं मी बॉयलरवर काढली,’ ते म्हणाले. ‘नजरेनं काही पडत असतं, तर आधी ती चिमणी पडली असती. सगळं नाशिक रोज तिच्याकडे बघून शिव्या घालतं.’

तरीसुद्धा त्यांच्या आवाजातली धार थोडी कमी झाली होती. आला आहात तर बघून जा, म्हणून त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. झाडावर तीन फुलं होती. फोटोत त्याचं काहीच आलं नव्हतं. मसाला दुधाचा तो रंग उन्हात आतून उजळल्यासारखा दिसत होता, आणि वास असा की माणसाला आपोआप गप्प व्हावं. मी वत्सलाबाईंकडे पाहिलं. आता बोला, अशी डोळ्यांनी खूण केली.

वत्सलाबाई खाली पाहत उभ्या होत्या. पदर कपाळावर ओढलेला, नजर झाडाच्या बुंध्याशी, मातीत. त्यांनी वर पाहिलंच नाही. आळ्याची माती चांगली भुसभुशीत ठेवलीय, असं काहीतरी पुटपुटल्या. मी कोपराने ढोसलं. तरी मान वर नाही.

धनवटे बघत होते. त्यांचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. ‘एवढ्या लांबून आलात,’ ते म्हणाले, ‘आणि बघवतसुद्धा नाही?’

आता सगळं बुडालं, असं मला वाटलं. मी मध्ये बोलणार तोच वत्सलाबाई बोलल्या, मान खालीच ठेवून.

‘आमची पहिली बाग होती, दादा. लग्न होऊन आले त्याच्या पुढल्या सालची. घड असे लोंबत होते. मी नवी सून. सगळ्यांदेखत तोंड भरून म्हटलं, काय बाग आलीय, पाहतच राहावं. त्याच आठवड्यात गारा पडल्या. एक घड राह्यला नाय. गारा ढगातून येतात, मला ठावं हे. शाळा शिकलेय मी. पण तोंड माझं उघडलं होतं. सासू काही बोलली नाय. कुणीच बोललं नाय. मला मात्र तवापासून जे लय आवडतं त्याच्याकडं पाहवत नाय.’

 आत घरच्या कोणीतरी खोकं सरकवल्याचा आवाज आला.

‘तुमचं फूल फोटोत पाह्यलं तर हातातलं काम सुटलं,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘वाटलं, याला काही होऊ नये. म्हणून बनियनाकडं पाहत बसले.’

 धनवट्यांचा नजर लागण्यावर विश्वास नव्हता, पाच मिनिटांपूर्वीच त्यांनी तसं सांगितलं होतं, आणि ते उगाच एखाद्याचं मन राखायला मत बदलणारे गृहस्थ नव्हते. मला वाटलं, आता ते बाईंना समजावून सांगतील की गारा का पडतात. तसं काही त्यांनी केलं नाही. ते दोन पावलं पुढे आले आणि वत्सलाबाई आणि झाड यांच्या बाजूला उभे राहिले, जसे ते इतकी वर्षं कंट्रोल रूममध्ये नव्या माणसाच्या बाजूला उभे राहिले असतील.

‘बघा,’ ते म्हणाले. ‘माझ्या जबाबदारीवर बघा. काही झालं तर ते माझ्यावर.’

वत्सलाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर मागे सारला, मान वर केली आणि त्या फुलाकडे पाहिलं. नीट पाहिलं, समोरून, वाकून, पाकळ्यांच्या आतपर्यंत. त्यांच्या नजरेत जे होतं ते आमच्या दीडशे जणांच्या ‘सुपर्ब’मध्ये कधी नव्हतं, आणि धनवट्यांना ते दिसलं, कारण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

‘लय देखणं हे,’ वत्सलाबाई म्हणाल्या. अंगणाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

धनवटे आत गेले आणि कलमाचा चाकू घेऊन आले. तो त्यांनी वत्सलाबाईंच्या हातात दिला. ‘पहिली काडी तुम्ही कापा,’ म्हणाले, आणि मी गाडीतून खुंट आणायला गेले.